आधी कुणाला फोन करायचा

दिगू, तुझा पोस्टमास्टर उठत नाहीये.

अशी सुरुवात बरी दिसत नाही, मला कळतं. कारखान्याच्या भित्तिपत्रकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून मागे लागलेत, आणि मी सकाळपासून दोन कागद फाडले. 'उमदा सहकारी' असं लिहिलं की तू खुर्चीमागे उभा राहून खी-खी करतोयस असं वाटतं. शोकसभेत तुझ्या ड्रॉइंग ऑफिसातल्या कुणीतरी तुला मितभाषी म्हटलं. मितभाषी! मला तिथेच हसू फुटलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदका दिला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं.

म्हणून सरळ कामाचंच बोलते. शनिवारी काजलची तारीख आहे. आज मंगळवार. डेटाबेस बंद आहे आणि सगळी नावं त्याच्या पोटात आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हा पोस्टमास्टर टपालखात्यातला नव्हे. आपल्या आनंदनगरच्या कारखान्यात जिन्याखालच्या खोलीत जो जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर रक्तदात्यांची नावं ठेवणारा डेटाबेस आहे, आणि त्याच्या मुख्य प्रोग्रामचं नाव पोस्टमास्टर. तो उठला तर बाकीचं सगळं चालतं. तो झोपला तर अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर मिळून जितकी माणसं आपण गोळा केली, ती असून नसल्यासारखी. आधी ती कार्डांवर होती. गेल्या पावसाळ्यात छत गळून त्या कार्डांचा लगदा झाला, तेव्हा तू खांदे उडवून म्हणालास, "बरं झालं, कचरा गेला. आता मशीन आहे ना!" घे. आहे मशीन.

काजल म्हणजे पॅकिंगमधल्या आपल्या हिरोभाईंची मुलगी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते, तिसरीत आहे, आणि तिच्या अंगात रक्त टिकत नाही. थॅलेसेमिया. दर काही आठवड्यांनी तिला बाटली चढवावी लागते, आणि रक्तपेढी म्हणते बाटलीला बाटली द्या, म्हणजे दर वेळी एक माणूस उभा करा. एकदा दिलेल्याला पुढचे तीन महिने बोलवायचं नाही. हिरोभाई पहिल्यांदा माझ्या टेलिफोन बोर्डापाशी आले ते संकोचाने हातात रुमाल पिळत. "ज्योतीबेन, आप सबको फोन लगाते हो ना? एक बी पॉझिटिव्ह मिळेल का?" मी ऑपरेटर. मला वाटलं, फोनच तर लावायचेत. पहिला एक्स्टेन्शन ड्रॉइंग ऑफिसचा फिरवला, कारण तू सगळ्यात जवळ होतास आणि तुझा ग्रुप मला पाठ होता. तू पेन्सिल कानावर ठेवून तसाच निघालास.

तिथून सगळं सुरू झालं. तू त्या कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घेऊन आलास आणि एखाद्याला लॉटरी लागल्यासारखा माझ्यासमोर नाचवलीस. "पाटलीणबाई, ह्यात अख्खा डेटाबेस फुकट आहे. फुकट म्हणजे चोरीचा नाही, खरोखरचा फुकट. जगभरची माणसं बसून लिहितात आणि वाटून टाकतात." मी म्हटलं, फुकटच्या गोष्टी बिघडल्या तर कुणाला बोलवायचं? तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "मला."

तुला बोलवायचं. छान. बोलावते आहे, ये.

खोलीतलं ते मशीन आणि रिसेप्शनवरचं माझं मशीन जोडायचं होतं, म्हणजे मी फोन लावता लावता नावं बघू शकेन. तू केबल टाकलीस, आणि माझ्या स्क्रीनवर काही म्हणजे काही येईना. खालच्या मशीनवर सगळं दिसायचं, माझ्याकडे ठणठणाट. तू टेस्टर घेऊन केबलभर फिरलास. जिन्यावर आडवा पडून सांधे तपासलेस. आपले फोरमन गावडेमामा म्हणाले, "उंदरान कुरतडल्यान असतली." त्यावर तू उंदराला शिव्या घालत सापळाही आणलास. शेवटी कळलं की केबल चांगली होती. हा डेटाबेस मुळात फक्त आपल्याच मशीनचं ऐकतो. बाहेरच्यांचं ऐक असं सुरू करतानाच सांगावं लागतं, आणि शिवाय कोणाकोणाला आत घ्यायचं ते नंबर एका फायलीत लिहावे लागतात. तू ते लिहिलं होतंस, पण माझ्या मशीनच्या नंबरात एक आकडा चुकला होता. म्हणजे कुठल्यातरी अस्तित्वात नसलेल्या मशीनला मोकळं दार आणि मी बाहेर उभी. त्यावर मी तुला किती दिवस बोलले! तू प्रत्येक वेळी "उंदराची चूक" म्हणून हसत हात झटकायचास.

ते हसणं आठवून आज चीड येते. इतका हसलास कशाला, जर असं मध्येच उठून जायचं होतं?

आपलं खरं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून होतं, आणि ते मिटलं नाही. बी पॉझिटिव्ह म्हणून विचारलं की नावं कुठल्या क्रमाने यावीत? मी म्हणायचे, जवळचा आधी. उल्हासनगरची पेढी, म्हणून उल्हासनगर-अंबरनाथचे वर, मग बदलापूर, बेलवली, सोनिवली, आणि वांगणीचे सगळ्यात खाली. तू म्हणायचास, ज्याने रक्त देऊन सगळ्यात जास्त काळ लोटला तो आधी. एका ओळीत बदलता येईल असा तो क्रम, पण त्या ओळीवरून आपण कॅन्टीनमध्ये इतके वाद घातले की चहावाला आपल्याला बघून दूर बसायला लागला.

"जवळचा आहे म्हणून त्यालाच किती पिळायचं?" तू टेबलावर बोट आपटायचास. "तीन महिने भरले की पुन्हा तोच, पुन्हा तोच. आणि लांबचा मजेत."

"आणि वांगणीचा माणूस बोलावला आणि तो पोचलाच नाही, तर काजलला काय सांगू? थांब जरा, आम्ही न्याय करतोय?"

"सांगितलं तर माणूस येतो गं. आपण लांबचा म्हणून विचारतच नाही."

एकदा हे चाललेलं असताना मी तुला माझी कॉलेजमधली गोष्ट सांगितली होती. उल्हासनगरच्या कॉलेजात शिबिर होतं, मैत्रिणींच्या नादाने मी रक्त दिलं, उठले आणि सरळ केळ्यांच्या टोपलीवर आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा केसांत केळं होतं. आई बेलवलीहून धावत आली आणि डॉक्टरांसमोरच म्हणाली, "परत त्या वाटेला गेलीस तर तंगडी तोडीन." तू इतका हसलास की चहा नाकातून आला. शिबिराची तारीख आणि माझा ग्रुप विचारलास, मी बी पॉझिटिव्ह म्हटलं आणि तारीखही सांगितली, ती पाठ होती, कारण त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मामाचं लग्न होतं. तेव्हापासून कधी मला चिडवायचं असलं की केळं आणून बोर्डावर ठेवायचास. आणि केळ्यांची गोष्ट ऐकलीस त्याच संध्याकाळी, वादाच्या मध्येच, तू कप खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरं बाई. तुझा क्रम." मला वाटलं मी जिंकले. मी त्या दिवशी घरी मिठाई नेली होती, तुला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर आजचा घोळ कुणाला कळणार नाही. ते मशीन म्हातारं, नावं भरताना प्रत्येक ओळ डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचं. तुझा जीव थांबण्यात रमत नाही. तू कुठलासा स्विच शोधलास, ज्याने डेटाबेस डिस्कवर लिहून होण्याची वाट बघत नाही, मनात ठेवतो आणि पुढे जातो. पळायला लागलं मशीन. खंडेनवमीच्या सकाळी आपण शिबिराची नवी नावं भरत होतो, आणि बाहेर गावडेमामांनी लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना हळदकुंकू लावत आणलं. जिन्याखालच्या मशीनलाही झेंडूची माळ घातली, फ्लॉपीच्या फटीवर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बाहेर जाऊन मेन स्विच खाली ओढला.

तू ओरडलास, "मामा!"

"आज मशीनीक हात लावूचो नाय," मामा शांतपणे म्हणाले. "वरसभर राबता ता. एक दिवस आराम."

लाइट आल्यावर बघतो तर अर्ध्या ओळी गायब, काही दोनदोनदा, आणि मुख्य तक्ता उघडेचना. मामा खोलीच्या दारात उभे राहिले, कुंकवाची वाटी हातात धरून. तुझा तो उतावळा स्विच तू गुपचूप काढून टाकलास, दिवाळीपर्यंत आपण कार्डांवरून सगळं पुन्हा भरलं, आणि मग तू मामांना सांगितलंस, "ह्या एका मशीनची पूजा चालू असताना करायची."

"चालू मशीनीक कोण कुंकू लावता?"

"मामा, घरातल्या आजीला ओवाळताना तिचा श्वास बंद करता का?"

मामांना हे पटलं, आणि पुढच्या दसऱ्याला त्यांनी धडधडत्या मशीनला ओवाळलं. पण शुक्रवारचा प्रश्न राहिलाच. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मामा मेन ओढतात, तो हात त्यांच्या अंगात भिनलाय. त्याआधी पाच मिनिटं तू खाली जाऊन डेटाबेस रीतसर बंद करायचास. दर गुरुवारी. जाताना बोर्डापाशी थांबून म्हणायचास, "झोपवला."

तू गेलास तो गुरुवारच होता. पहाटे उठलाच नाहीस. सगळा कारखाना तुझ्या दारात होता, मामांनी सवयीने मेन ओढला आणि तेही तिकडे आले. पोस्टमास्टरला कुणी झोपवलं नाही.

तेव्हापासून तो उठत नाहीये. मी मशीन चालू करते, ते चालू होतं. डेटाबेस सुरू कर म्हणते, तो इंग्रजीत चार ओळी फेकतो आणि गप्प. तू आठवड्याला नक्कल काढायचास त्या फ्लॉप्या तुझ्या स्कूटरच्या डिकीत, स्कूटर तुझ्या घरी, आणि वहिनींकडे चावी मागायला माझी जीभ रेटत नाही. कुंकू पुसून नीट पंधरा दिवसही झाले नाहीत आणि मी डिकीची चावी मागू? काजलची मम्मी रोज फोन करते. "दीदी, शनिवारचं बघताय ना? इस बार तो दिगू अंकल की बारी थी." हो, ह्या शनिवारी तुझीच पाळी होती. तीन महिने नुकतेच भरले होते. मी तिला म्हणते, बघतेय, आणि फोन ठेवून जिन्याखाली जाते आणि त्या चार ओळींकडे बघत बसते. परवा मी मशीनला लाथ मारली. तुला राग येऊ दे. मलाही आलाय.

बाकी माझा कुठेच जीव लागत नाही. बोर्डावर तुझ्या एक्स्टेन्शनचं बटण अजून तसंच आहे. कुणी ड्रॉइंग ऑफिस मागितलं की बोट तिथेच जातं.

इथवर मंगळवारी लिहिलं होतं. आज रविवार. मध्ये काय झालं ते सांगते, तुला ऐकून घ्यावंच लागेल.

बुधवारी दुपारी मी त्या चार ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. आधी वाचतच नव्हते, नुसती घाबरत होते. त्यात विचारलं होतं: दुसरा पोस्टमास्टर आधीपासून चालू आहे का? नसेल, तर अमुक फाइल काढून टाका आणि पुन्हा करून बघा. एवढंच. तू सुरू केलेला, आणि कुणीच बंद न केलेला, त्याची एक खूण मागे राहिली होती आणि तिच्याकडे बघून मशीनला वाटत होतं की तो अजून चालूच आहे. ती फाइल मला सापडेना. मग आठवलं, तू सांगितलं होतंस, नावाआधी ठिपका असलेल्या फायली साध्या यादीत येत नाहीत, सगळं दाखव असं वेगळं म्हणावं लागतं. म्हटलं. दिसली.

नसेल, तर काढून टाका. पुसायची कमांड लिहून मी बोट बटणावर ठेवलं आणि तशीच बसले. दिगू, मला ते करवेना. वर गेले, कॅन्टीनमध्ये चहा प्यायले, परत आले आणि दाबलं. पोस्टमास्टर लगेच उठला, जसं काही झालंच नव्हतं.

मी बी पॉझिटिव्ह विचारलं. माझ्या क्रमाने. जवळचा आधी. पहिलं नाव तुझं आलं.

यायचंच होतं, मला माहीत होतं. नेहमी तूच असायचास वर. वर्षानुवर्षं मी विचारायचे आणि तू यायचास, आणि मला त्यात कधी काही वाटलं नाही. तुझ्या खालच्या दोघांना फोन केले. एक गावाला, एकाला ताप. तिसऱ्याचा नंबर शेजारच्यांचा, ते शेजारीच घर सोडून गेलेले. मला ती यादी बघवेना, वर तुझं नाव ठेवून. म्हणून मी ती एक ओळ बदलली. तुझा क्रम. ज्याला सगळ्यात जास्त काळ झाला तो आधी.

पहिलं नाव आलं: पाटील ज्योती, बेलवली, बदलापूर पश्चिम.

तारीख माझ्या मामाच्या लग्नाची. केळ्यांच्या टोपलीची.

मी ते नाव भरलेलं नव्हतं, आणि माझ्या क्रमात बेलवलीपर्यंत खाली मी कधी उतरलेच नव्हते. मी फोन करणारी, मला कोण फोन करणार? ते तू भरलंस, चहा नाकातून आला त्याच दिवशी, दुसरं कोण. म्हणजे ज्या संध्याकाळी तू वाद सोडून दिलास, तेव्हा तुला माहीत होतं की तुझा क्रम लावला तर सगळ्यात वर मी येते. तुझी बाजू खरी ठरली असती ती माझ्या नावाने. आणि मी घाबरते हे तुला माहीत होतं, म्हणून तू माझ्याकडे बघितलंस आणि हरलास. मी मिठाई घेऊन घरी गेले आणि पुढची पाळी पुन्हा पुन्हा तुझ्यावर आली.

मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू! एकदा तरी म्हणायचं होतंस. केळी आणून ठेवत होतास त्यापेक्षा तोंडाने म्हणायचंस, ज्योती, ह्या वेळी तू दे. मी भांडले असते, पण आले असते. तूच म्हणायचास ना, सांगितलं तर माणूस येतो? मग मला का नाही सांगितलंस? हे मला तुलाच विचारायचंय आणि तुलाच विचारता येणार नाही, ह्याने मी चार दिवस घरभर फिरतेय.

शनिवारी गेले. आईला सांगून गेले. तिने डब्यात तिळगुळाचा लाडू घातला आणि म्हणाली, "उठताना सावकाश उठ, बाई." उल्हासनगरच्या पेढीत मी डोळे मिटून पडून राहिले आणि सावकाश उठले. पडले नाही. बाहेर काजल बाकावर पाय हलवत बसली होती. "आज अंकल क्यों नहीं आए?" तिने विचारलं. तिच्या मम्मीने तिचा हात दाबला. मी म्हटलं, आज माझी पाळी होती. काजलने मान डोलावली, तिला ते पुरेसं होतं. पेढीवाल्याने मला बिस्किटं आणि एक केळं दिलं. ते मी तिथेच उभ्याने खाल्लं, तुझ्या नावाने.

तिथून मी कारखान्यात गेले आणि माझी नवी तारीख भरली. पुन्हा विचारलं, तुझ्या क्रमाने. मी सगळ्यात खाली गेलेली. वर एक वांगणीचा माणूस आला, ज्याला आपण कधीच फोन केला नव्हता. पुढच्या वेळी करीन. क्रम आता तुझाच राहील, तू जिंकलास, घे.

पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली नसेल, किंवा आलीही असेल, तुझं काही सांगता येत नाही. तू यादीत मधे कुठेतरी आहेस. तुझं नाव मी काढणार नाही, मला सांगू नकोस. आणि तुझी तारीख आता बदलायची नाही. बाकीचे रक्त देत जातील आणि खाली जात जातील, आणि तू काही न करता एकेक ओळ वर येत राहशील. एक दिवस मी काजलसाठी विचारीन आणि पहिलं नाव पुन्हा तुझं येईल, ह्या वेळी माझ्या क्रमाने नाही, तुझ्याच. सगळ्यात जास्त विश्रांती झालेला माणूस म्हणून.

त्या दिवशी मी तुझा एक्स्टेन्शन फिरवीन. ड्रॉइंग ऑफिसात तुझ्या टेबलावर फोन वाजेल, कुणीतरी वैतागून बघेल. मी थोडा वेळ वाजू देईन, आणि मग तुझ्या खालच्याला लावीन.